बेसबॉलमध्ये प्लेटमागे अंपायरिंग करायचंय? छातीचं गार्ड घेताना हे बघा

क्रिकेटचा अंपायर बॉलरच्या टोकाला उभा असतो, बॉल त्याच्यापासून लांब जातो. बेसबॉलमध्ये सगळं उलटं. बॅटर जिथे उभा राहतो त्या होम प्लेटमागे कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) बसतो, त्याच्या मागे वाकून उभं राहायचं, पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) फेकलेला बॉल १८.४४ मीटरवरून सरळ आपल्याच दिशेने येतोय आणि मध्ये फक्त एक कॅचर आणि एक बॅट, आणि खरी भीती त्या बॅटचीच, कारण सरळ आलेला बॉल कॅचर बहुतेक वेळा धरतोच पण बॅटची कड चाटून मागे आलेला बॉल, म्हणजे फाउल, कुठे वळेल हे कॅचरलाही कळत नाही, मग तो तुमच्या खांद्यावर बसतो नाहीतर छातीवर नाहीतर मास्कवर. त्यामुळे गार्ड घेताना "जाड किती आहे" हा पहिला प्रश्न नको. पहिला प्रश्न हा की ते नेमकं काय झाकतं आणि वाकल्यावरही झाकतं का.

आपल्याकडे गोव्यात हे काम बहुतेक वेळा शाळेतल्या पीटी सरांच्या नाहीतर मॅडमच्या गळ्यात पडतं, तेही बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही, आणि स्टोअर रूममध्ये जे काही मिळेल ते अंगावर चढवून माणूस उभा राहतो. ते "जे काही" बऱ्याचदा कॅचरचं जुनं गार्ड असतं. त्याबद्दल पुढे सांगतो, आधी मार किती बसतो ते बघू.

बेसबॉलचं वजन साधारण १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडं कमीच. म्हणून मार कमी असं समजू नका, सगळा खेळ स्पीडचा आहे. ताशी ८० किमीने आलेल्या बॉलमध्ये साधारण ३६ ज्यूल ऊर्जा असते, ताशी १३० ला तीच जवळजवळ ९५ होते, म्हणजे स्पीड दीडपटीहून थोडा जास्त वाढला तर मार अडीचपटीच्या वर गेला. चौदा वर्षांखालच्या पोरांच्या मॅचेसच करणार असाल तर मध्यम गार्डवर भागेल, सीनियर किंवा कॉलेजची मॅच करायची तर तिथे पैसे वाचवू नका. आणि सॉफ्टबॉलवाल्यांनो तुम्हीपण निवांत राहू नका, १२ इंची बॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो आणि मुलींच्या फास्टपिचमध्ये (जोरात बॉल टाकायचा सॉफ्टबॉल) पिचर फक्त १३.११ मीटरवर असते. बॉल मोठा असल्याने मार जरा पसरून बसतो एवढंच समाधान, सरकायला मात्र वेळ अजिबात मिळत नाही.

आता प्रकार. जुन्या फोटोंमध्ये अंपायर हातात गादीसारखं काहीतरी धरून उभा दिसतो ना, ते बाहेरचं गार्ड, हवा भरलेलं, शर्टाच्या बाहेर पुढ्यात धरायचं. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, दोन लीग आहेत. त्यातल्या नॅशनल लीगमध्ये बिल क्लेम या अंपायरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्टाच्या आतलं गार्ड रुळवलं, अमेरिकन लीगवाले मात्र कितीतरी वर्षं गादीच धरून बसले, १९७७ पासून तिथे नवीन अंपायरांना आतलंच गार्ड सक्तीचं झालं आणि गादी वापरणारा शेवटचा जेरी न्यूडेकर १९८५ मध्ये रिटायर झाला. हे सांगायचं कारण असं की आतलं गार्ड आलं म्हणून अंपायरला बॅटर आणि कॅचरच्या मधल्या फटीत शिरून, खाली वाकून, गुडघ्याजवळचा बॉल नीट बघता यायला लागला. म्हणजे गार्ड फक्त मार खायला नाही, नीट बघण्यासाठी पण असतं. ते अंगात अडकत असेल तर तुम्ही नकळत ताठ उभे राहणार आणि खालचे स्ट्राइक (बॅटरने मारायला हवेत असे नीट आलेले बॉल) चुकणार.

आजच्या काळात दोनच प्रकार लक्षात ठेवा. सॉफ्ट म्हणजे नुसता फोम, वरून कापड. हलकं, घडी होणारं, अंगाला लगेच बसणारं. हार्ड म्हणजे आत फोम आणि वर प्लास्टिकच्या कडक प्लेटा, या प्लेटा मार एका जागी न ठेवता मोठ्या भागावर पसरवतात आणि मग फोम तो पितो. फोम एकटा असेल तर दाबला जातो, आणि जिथे पूर्ण दाबला गेला तिथे पुढचा सगळा मार हाडावर.

माझं मत विचाराल तर गोव्यात हार्डच घ्या, आणि ते नुसतं संरक्षणासाठी नाही. लोक म्हणतात एवढ्या उकाड्यात प्लास्टिक कोण घालणार, सॉफ्ट बरं. पण आपल्याकडची हवा आठवा, नुसतं उभं राहिलं तरी बनियान ओलं होतं, सॉफ्ट गार्डचा फोम कापडासकट घाम पितो, दुपारच्या दुसऱ्या मॅचला तो जड आणि थंडगार ओला अंगाला चिकटतो आणि रात्रभर फॅनखाली ठेवला तरी सकाळी आतून ओलाच. हार्डच्या चांगल्या मॉडेलमध्ये प्लेटांच्या मध्ये फटी असतात, आतलं पॅडिंग वेलक्रोवर लावलेलं असतं, ते काढून धुता येतं आणि प्लेटा पुसल्या की झालं. म्हणून घेताना हे आधी विचारा की आतलं पॅडिंग सुटतं का. सुटत नसेल तर दुसरं बघा.

आता कॅचरच्या गार्डबद्दल. ते आणि अंपायरचं एकच असं आपल्याकडे सर्रास समजतात, तसं नाही. कॅचर पार खाली बसतो, बॉल अंगावर घेऊन समोर पाडणं हे त्याचं काम, त्यामुळे त्याचं गार्ड पोटापर्यंत लांब असतं, बॉल मेल्यासारखा खाली पडावा अशा बेताने मऊ असतं, आणि हात मोकळा फिरावा म्हणून बॉल फेकायच्या हाताकडचा खांदा बऱ्यापैकी उघडा ठेवलेला असतो. अंपायरला ती लांबी नको असते पण दोन्ही खांदे आणि दोन्ही कॉलरबोन (गळ्याखालची आडवी हाडं) झाकलेले हवेच असतात. उजव्या हाताचा बॅटर असेल तर आपण डावीकडच्या फटीत उभे राहतो, तेव्हा डावा खांदा कॅचरच्या आडोशाबाहेर राहतो, डावखुरा आला की उजवा. म्हणजे कॅचरचं गार्ड घातलंत तर निम्मी मॅच एक खांदा उघडा टाकूनच उभे आहात.

क्रिकेटचं चेस्ट गार्ड तर अजिबात चालणार नाही, ते बॅट्समनची एकच बाजू झाकायला केलेलं असतं. हॉकीच्या गोलकीपरचं बॉडी गार्ड मात्र, जे छाती, खांदे आणि हात मिळून येतं, ते अगदीच काही नसेल तर वेळ मारून न्यायला चालेल, हॉकीचा बॉलपण १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा कडक असतो. फक्त ते ढबलं असतं, वर शर्ट बसत नाही, आणि गळ्याजवळ किती झाकतं ते प्रत्येकाचं वेगळं. हॉकी खेळणारे मित्र असतील तर एकदा घालून बघा.

मापाचं नीट ऐका कारण इथेच पैसे वाया जातात. अंपायरच्या गार्डची साइज बहुतेक लांबीच्या इंचात असते, छातीच्या घेराची नसते, घेर पट्ट्यांनी जुळवता येतो. टेप घ्या, गळ्याखाली दोन कॉलरबोनच्या मध्ये जो खळगा असतो तिथून खाली शेवटच्या बरगडीपर्यंत मोजा, साधारण बेंबीच्या दोन-तीन बोटं वर येईल. तेवढी लांबी पुरे. जास्त संरक्षण म्हणून लांब घेतलंत तर वाकल्यावर खालची कड बेल्टला नाहीतर मांडीला लागते आणि सगळं गार्ड वर सरकून गळ्यात घुसतं, मग मान खाली करता येत नाही आणि मास्क वर ढकलला जातो. पोट सुटलेलं असेल (आपल्यात कोणाचं नाही) तर हे अजून लवकर होतं.

अंगात घातल्यावर आरशासमोर ताठ उभं राहून बघण्यात काही अर्थ नाही. प्लेटमागे जसं उभं राहता तसं वाका, मास्क घाला, आणि कोणालातरी समोरून बोटं घालून बघायला सांगा: कॉलरबोन हाताला लागतं का, मास्कचं थ्रोट गार्ड आणि छातीच्या गार्डची वरची कड यांच्यामध्ये बॉल शिरेल एवढी जागा राहते का, खांद्याची टोपी खांद्याच्या टोकावर बसते की पुढे घसरते, बगलेच्या पुढचा भाग उघडा पडतो का. कॉलरबोन हाताला लागलं तर तिथेच विषय संपला, ते गार्ड तुमच्यासाठी नाही, कितीही महाग असो. छातीच्या मधल्या हाडावर फोम असतोच, त्यात कोणी कंजूषी करत नाही, कंजूषी होते ती वरच्या कडेला आणि खांद्यावर. दंडावर लटकणारे छोटे पॅड येतात ते काढून ठेवणारे बरेच आहेत, उकडतं म्हणून, मी म्हणेन राहू देत, निदान फटीतल्या बाजूचा तरी.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट: समोर एकच मोठी सपाट प्लेट असलेलं गार्ड टाळा, ते छातीवर टेकून वर उचललं जातं आणि खाली पोकळी राहते. तुकड्या-तुकड्यांच्या प्लेटा असलेलं, वाकणारं घ्या, आणि लांबी मोजूनच, कारण पुरुषांच्या मापाचं बहुतेक वेळा लांब पडतं.

पट्ट्यांकडे कोणी बघत नाही. गार्डबरोबर येणारा हार्नेस बऱ्याचदा साधी इलास्टिकची पट्टी असते, घामाने ती सैल होते आणि मग दुसऱ्या इनिंगपासून गार्ड खाली उतरायला लागतं, म्हणजे परत कॉलरबोन उघडं. पाठीवर रुंद बसणारा, क्लिपवाला हार्नेस वेगळा मिळतो, तो घ्या. शाळेचं एकच गार्ड चार जण वापरत असतील तर हे अजूनच गरजेचं, कारण प्रत्येकाला आपल्या मापाला ओढता आलं पाहिजे. आणि गार्ड कॉमन असलं तरी आतला टी-शर्ट आपापला, अंगाला घट्ट बसणारा आणि पटकन सुकणारा, कॉटनचा नको. वरचा अंपायरचा शर्ट एक साइज मोठा घ्या, नाहीतर बटणं तुटतील.

ब्रँडबद्दल थोडक्यात. विल्सनचं वेस्ट व्हेस्ट सगळ्यात ओळखीचं, जो वेस्ट या अंपायरच्या नावाचं, ज्याने मेजर लीगमध्ये ५,४६० मॅचेस केल्या आणि २०२१ च्या सीझननंतर थांबला. याशिवाय ऑल-स्टार, चॅम्प्रो, डगलस आहेत. साधी मॉडेल्स स्वस्तात मिळतात, वरची शंभर-दोनशे डॉलरच्या घरात जातात, आणि त्यावर कुरिअर आणि कस्टम ड्यूटी वेगळी. पणजी-म्हापशाच्या दुकानात अंपायरचं गार्ड मागितलंत तर कॅचरचंच हातात देतील, त्यामुळे बहुतेकांना बाहेरूनच मागवावं लागतं. घरात कोणी बोटीवर असेल, अमेरिकेच्या पोर्टला लागणाऱ्या क्रूझवर, तर त्याच्याकडून आणवणं सगळ्यात सोपं, चतुर्थीला सुट्टीवर येताना घेऊन येईल. फक्त तो परत करायला जाणार नाही, म्हणून माप आधी नीट लिहून पाठवा, नुसतं "मीडियम आण" सांगू नका.

एक गंभीर मुद्दा. छातीवर हृदयाच्या बरोबर वर, ठोक्याच्या एका ठरावीक क्षणी मार बसला तर हृदयाची लय बिघडून माणूस जागच्या जागी कोसळू शकतो, त्याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हे जास्त करून कोवळ्या वयाच्या मुलांमध्ये होतं आणि त्यासाठी बॉल खूप जोरात यायची गरज नसते, डुकरांवरच्या प्रयोगात ताशी ६४ किमीच्या आसपासचा मार सगळ्यात घातक निघाला. अमेरिकेत यासाठी एनओसीएसएई या संस्थेचं मानक आहे आणि तिथल्या हायस्कूल बेसबॉलमध्ये २०२० पासून कॅचरचं गार्ड त्या मानकाचंच लागतं. अंपायरच्या प्रत्येक गार्डवर तो शिक्का असेलच असं नाही, म्हणून घेताना बघा, आणि तुमच्या कॅचर पोरांच्या गार्डवर तर नक्की बघा. कोणतंही गार्ड शंभर टक्के गॅरंटी देत नाही. मैदानावर सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) येणारा एक माणूस आणि जवळपास एईडी मशीन (शॉक देऊन हृदयाची लय परत आणणारं) कुठे आहे ते मॅचच्या आधी विचारून ठेवा.

उभं कसं राहायचं हेपण गार्डचाच भाग समजा. छाती पिचरकडे सरळ ठेवायची. बॉल येताना घाबरून अंग वळवलंत की बगल आणि बरगड्या पुढे येतात, आणि तिथे एकही प्लेट नाही.

राहिली निगा. मॅचनंतर गाडीच्या डिकीत टाकून विसरू नका, उन्हात तापलेल्या डिकीत फोम कडक होतो आणि वेलक्रोचा गोंद सुटतो. पॅडिंग काढून साध्या साबणाने धुवा, वॉशिंग मशीन नको, सावलीत नाहीतर फॅनखाली सुकवा. पावसाळ्यात कपाटात ठेवलंत तर चामड्याच्या चपलेसारखीच यालाही बुरशी येते, उघड्यावर हँगरला लावा, पंधरवड्यातून एकदा पुसा. सीझन सुरू व्हायच्या आधी फोम अंगठ्याने दाबून बघा, खड्डा तसाच राहिला तर फोम मेला. प्लेटा उजेडात धरून वाकवा, पांढरी रेघ दिसली की ती तड्याची सुरुवात, तशी प्लेट बदला, नाहीतर अख्खं गार्ड. आणि असं बाद झालेलं गार्ड ज्युनियर अंपायरला प्रॅक्टिससाठी म्हणून देऊ नका, पट्ट्या कापून टाका म्हणजे स्टोअर रूममधून परत कोणी उचलणार नाही.