स्केच काढताना अक्षांची दिशा कशी सांभाळावी

गोदाकाठच्या गंगथडीच्या गावांत शेताचा पत्ता सांगताना जुनी माणसे डावे-उजवे फारसे म्हणत नाहीत. 'विहिरीच्या उगवतीला' किंवा 'बांधाच्या मावळतीला' असे सांगतात, कारण ऐकणारा ज्या तोंडाने उभा असेल त्याप्रमाणे डावे-उजवे फिरते आणि उगवत मात्र जागची हलत नाही. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर यंत्रभागांचे आरेखन करताना, स्केच (ज्यावरून भाग तयार होतो ती सपाट आकृती) काढताना नेमके हेच भान ठेवावे लागते. पडद्याची उजवी बाजू आणि वरची बाजू ही पाहणाऱ्याची दिशा असते, तर अक्ष ही मॉडेलची उगवत असते; दृश्य थोडे फिरवले की या दोन्हींची सांगड सुटते, आणि ती सुटल्याचे भाग तयार होईपर्यंत लक्षात येत नाही.

सुरुवात उजव्या हातापासून करावी. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांना काटकोनात धरल्यास अंगठा म्हणजे एक्स, तर्जनी म्हणजे वाय आणि मधले बोट म्हणजे झेड. दहावीच्या विज्ञानात फ्लेमिंगच्या नियमांसाठी बोटे अशीच धरलेली असल्यामुळे आयटीआयमधील मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो. त्या नियमांत बोटांचे अर्थ निराळे आहेत, म्हणून ते या कामापुरते बाजूला ठेवावेत. पडद्याच्या कोपऱ्यातील तीन रंगांचा अक्षदर्शक बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक्ससाठी लाल, वायसाठी हिरवा आणि झेडसाठी निळा असतो. दोन अक्ष कळले की तिसऱ्याची धन दिशा हातावरून काढता येते.

खरी अडचण यापुढे येते, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरची 'वर' ही दिशा सारखी नाही. सॉलिडवर्क्समध्ये वाय अक्ष वर जातो, फ्रंट प्रतल एक्स-वायचे असते आणि झेड अक्ष आपल्याकडे येतो. फ्रीकॅडमध्ये झेड अक्ष वर असतो, समोरचे दृश्य एक्स-झेड प्रतलाचे असते आणि वाय अक्ष आपल्यापासून दूर, पडद्याच्या आत जातो. फ्यूजनमध्ये वाय वर की झेड वर हे पसंतीच्या सेटिंगमध्ये ठरवता येते, मात्र तो बदल नव्या डिझाइनलाच लागू होतो. त्यामुळे वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या कारखान्यात सॉलिडवर्क्सवर काढलेला भाग स्टेप फाइलमधून (वेगवेगळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) फ्रीकॅडमध्ये उघडला की तो पाठीवर आडवा पडलेला दिसतो. फाइल बिघडलेली नसते; भाग एक्स अक्षाभोवती धन ९० अंशांनी फिरवला की वाय जागेवर झेड होतो आणि समोरची बाजूही समोरच राहते. ऋण ९० अंशांनी फिरवल्यास तो डोक्यावर उभा राहतो.

आता स्केचच्या आत येऊ. स्केचला स्वतःचे दोनच अक्ष असतात, एक आडवा आणि एक उभा, आणि मॉडेलच्या अक्षांशी त्यांचे नाते प्रतलानुसार बदलते. फ्रीकॅडमध्ये एक्स-झेड प्रतलावर स्केच उघडले की मधली उभी रेघ हिरवी दिसते आणि नवखा माणूस तिला वाय अक्ष समजतो. प्रत्यक्षात ती मॉडेलच्या झेड अक्षावर असते आणि कोपऱ्यातील अक्षदर्शकात तीच दिशा निळी दिसते. हिरवी रेघ म्हणजे 'या स्केचचा उभा अक्ष', एवढाच तिचा अर्थ आहे. सॉलिडवर्क्समध्ये टॉप प्रतलावर स्केच काढताना पडद्यावर वर जाणारी दिशा मॉडेलच्या ऋण झेडची असते आणि राइट प्रतलावर उजवीकडे जाणारी दिशाही ऋण झेडचीच असते. हे पाठ करत बसण्याची गरज नाही. पूर्वाभिमुख वाड्याचे उदाहरण घ्यावे: दारासमोर उभे राहिले की उजव्या हाताला उत्तर येते, त्या बाजूने वळसा घालून उत्तरेच्या भिंतीसमोर तोंड करून उभे राहिले की दर्शनी बाजू डाव्या हाताला येते. यंत्राच्या भागाचेही तसेच आहे. उजव्या बाजूच्या स्केचमध्ये भागाचे पुढचे तोंड डावीकडे असते.

हा एवढा साधा वळसा न घातल्यामुळे माझे एक काम वाया गेले होते. फिक्स्चरसाठी (काम करताना भाग पकडून ठेवणारे साधन) एल आकाराचा ब्रॅकेट काढायचा होता आणि त्याच्या उभ्या पत्र्यावरील भोक मध्यापासून १२ मिमी पुढच्या बाजूला हवे होते. मी राइट प्रतलावर स्केच उघडले, 'पुढे' म्हणजे 'उजवीकडे' असे गृहीत धरून माप टाकले, आणि सहाही ब्रॅकेट आरशातल्यासारखे उलटे तयार झाले. सपाट पट्टी असती तर ती पालथी करून बसवता आली असती. वाकवलेला पत्रा, एका बाजूचे काउंटरसिंक (स्क्रूचे डोके बसण्यासाठी भोकाला दिलेला उतार) किंवा वेल्ड केलेला बॉस (गोल उंचवटा) असला की भाग पालथा करून भागत नाही. मापे मात्र सगळी बरोबर होती, म्हणून तपासणीतही कोणाच्या लक्षात आले नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे आणि ती प्रत्येकाने लावावी असे माझे मत आहे. स्केच उघडताच खरी रेघ मारण्यापूर्वी आरंभबिंदूपासून मॉडेलच्या ठरावीक धन दिशांना दोन बांधणीरेषा (केवळ संदर्भासाठीच्या, भागात न उमटणाऱ्या रेषा) काढाव्यात, एक ३० मिमी लांब आणि दुसरी तिच्या काटकोनात १० मिमी. राइट प्रतलावर, उदाहरणार्थ, लांब रेघ भागाच्या पुढच्या बाजूकडे आणि आखूड रेघ वर जावी. स्केच बंद करून समदूरिक (आयसोमेट्रिक) दृश्यात मॉडेल पाहावे आणि लांब रेघ खरोखर पुढे जाते का, आखूड रेघ खरोखर वर जाते का, हे अक्षदर्शकाशी पडताळावे. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या ठेवू नयेत, नाहीतर कोणती कोणती ते ओळखता येत नाही. काम पुढे गेल्यावर एखाद्या दृश्यात हा एल उलटा दिसला, तर आपण प्रतलाच्या मागून पाहत आहोत हे तत्काळ कळते. सॉलिडवर्क्समध्ये प्रतल सरळ समोर आणणारे 'नॉर्मल टू' हे बटण दुसऱ्यांदा दाबले की दृश्य उलटते, आणि घाईत ते दोनदा दाबले जातेच. अशा वेळी हा एलच सावध करतो.

भागाच्या पृष्ठभागावर स्केच काढताना आणखी जपावे, कारण तेथे स्केचचे अक्ष कसे पडावेत हे सॉफ्टवेअर त्या पृष्ठभागावरून ठरवते आणि आपल्या अपेक्षेपेक्षा ते ९० किंवा १८० अंशांनी फिरलेले असू शकतात. जेथे दिशा महत्त्वाची आहे तेथे पृष्ठभागाऐवजी मूळ प्रतलाला समांतर असे संदर्भ प्रतल घेऊन त्यावर स्केच काढणे मला अधिक भरवशाचे वाटते. फ्रीकॅडमध्ये अटॅचमेंटमधील (स्केच कशाला जोडले आहे ते ठरवणारे सेटिंग) कोन बदलून स्केच सरळही करता येते, पण ते मापे टाकण्यापूर्वी करावे. ऑटोकॅडमध्ये वर्तुळ आणि पॉलीलाइन (सलग जोडरेषा) चालू यूसीएसच्या (आपण ठरवलेली अक्षांची मांडणी) एक्स-वाय प्रतलाला धरून पडतात. म्हणून तिरप्या पृष्ठभागावरील काम संपताच यूसीएस आज्ञेतील वर्ल्ड पर्याय निवडून मूळ अक्षांवर परत यावे आणि प्लॅन आज्ञेने दृश्य सरळ करून घ्यावे.

रेखाचित्राच्या कागदावरील जागा आणि अक्ष यांची गल्लत होऊ देऊ नये. आपल्याकडे प्रथम कोनीय प्रक्षेपण वापरतात, त्यामुळे उजव्या बाजूने पाहिलेले दृश्य समोरच्या दृश्याच्या डावीकडे मांडलेले असते.

भाग व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचे संगणकनियंत्रित मिलिंग यंत्र) जाणार असेल तर यंत्राचे अक्ष स्केचपूर्वीच माहीत करून घ्यावेत. आयएसओ ८४१ या मानकानुसार झेड अक्ष स्पिंडलच्या (यंत्राचा फिरणारा दांडा) दिशेने असतो आणि हत्यार जॉबपासून (कापायच्या भागापासून) दूर जाते ती त्याची धन दिशा असते. लेथवर हाच झेड आडवा पडतो आणि व्यासाचे माप एक्सवर येते. व्हीएमसीवर उभ्या प्रतलात कंस कापायचा असल्यास प्रोग्रॅममधील जी १८ या आज्ञेने निवडलेले प्रतल झेड-एक्स या क्रमाने आणि धन वायच्या बाजूने, म्हणजे यंत्राच्या मागच्या उभ्या खांबाकडून (कॉलमकडून), पाहिलेले असते. ऑपरेटर समोर उभा असतो, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये घड्याळाच्या दिशेचा असलेला जी ०२ त्याला उलट्या दिशेने फिरताना दिसतो, आणि तो कंस चुकला समजून त्याने जी ०३ (घड्याळाच्या उलट दिशेचा कंस) केला तर मात्र तो खरोखर चुकतो.