रिपॉझिटरीत फुटलेले पासवर्ड शोधताय? या चुका टाळा

पासवर्ड चुकून कमिट झाला, म्हणजे गिटच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) कायमचा नोंदला गेला, की बहुतेकांचा हात आधी डिलीटकडे जातो. ओळ काढायची, ‘क्लीनअप’ असा साळसूद मेसेज लिहून पुश करायचं (सर्व्हरवर पाठवायचं) आणि हुश्श म्हणायचं. पण आधीच्या कमिटमध्ये ती ओळ जशीच्या तशी असते. उलट ‘क्लीनअप’चा डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची नोंद, शोधणाऱ्याला नेमकी जागा दाखवतो.

म्हणून फुटलेला पासवर्ड किंवा ‘की’ (सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली) आधी रद्द करा आणि नवी काढा. ती कोणकोणत्या सर्व्हिस वापरतात ते पाहावं लागेल, नाहीतर चालू सिस्टीम बंद पडेल. पण त्या शोधात दोन दिवस घालवू नका. जुनी की कुठून, कधी वापरली गेली याचे लॉगही तपासा. इतिहास धुण्याचं काम त्यानंतरचं. त्यासाठी गिट फिल्टर-रेपो किंवा बीएफजी हे टूल वापरा. गिटची जुनी फिल्टर-ब्रँच कमांड नको, हे गिटचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. एवढं करूनही फोर्क (इतरांनी आपल्या खात्यात घेतलेल्या प्रती) आणि सहकाऱ्यांचे क्लोन (त्यांच्या मशीनवरच्या प्रती) शिल्लक राहतात. कुणी एकाने जुन्या क्लोनमधून पुश केलं की पहिले पाढे पंचावन्न.

स्कॅनर ‘काही सापडलं नाही’ म्हणतो

स्कॅनर म्हणजे कोडमधले पासवर्ड आणि की शोधणारं टूल. त्याचं ऐकून लगेच खूश होऊ नका. त्याने नेमकं काय वाचलं? गिटहब अॅक्शन्स या आपोआप तपासण्या चालवणाऱ्या सोयीतली चेकआउटची, म्हणजे कोड आणण्याची, नेहमीची पायरी फक्त शेवटचं कमिट आणते. म्हणजे गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग या स्कॅनरना तुम्ही हजार पानांच्या वहीचं एकच पान दिलंत. त्या पायरीतलं फेच-डेप्थ हे सेटिंग शून्य ठेवा, म्हणजे सगळ्या ब्रँच आणि टॅगचा पूर्ण इतिहास येतो. निदान पहिला स्कॅन तरी असा पूर्ण हवा.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. स्कॅनर मुख्यतः दोन गोष्टी बघतात: ठरलेला साचा आणि अक्षरांची यादृच्छिकता, म्हणजे एन्ट्रॉपी. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या कायमस्वरूपी अॅक्सेस की आयडीची सुरुवात ‘एकेआयए’ या चार अक्षरांनी होते, त्यामुळे तो पटकन सापडतो. गिटहबनेही २०२१ पासून आपल्या टोकनना ओळखता येतील असे उपसर्ग दिले. पण माणसाने स्वतः ठरवलेला, ‘अॅडमिन१२३’ छापाचा पासवर्ड? त्याला ना साचा, ना एन्ट्रॉपी. तुमच्या डेटाबेसच्या कनेक्शन स्ट्रिंगसाठी (डेटाबेसशी जोडणाऱ्या, पासवर्ड असलेल्या ओळीसाठी) स्वतःचा नियम लिहिल्याशिवाय असे पासवर्ड निसटतच राहणार.

खोट्या इशाऱ्यांना वैतागून फोल्डरच वगळणं

लॉकफाइलमधले (वापरलेल्या लायब्ररींच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमधले) हॅश, म्हणजे लांबलचक यादृच्छिक दिसणारे कोड, एन्ट्रॉपीच्या नियमात अडकतात आणि शेकडो इशारे येतात. मग कुणीतरी ‘टेस्ट’ फोल्डर आणि सगळ्या कॉन्फिग फाइल वगळून टाकतं. मीही हे केलंय. काही महिन्यांनी त्याच टेस्ट फोल्डरमध्ये चालू सर्व्हरची खरी की सापडली, कारण टेस्ट घाईत लिहिताना खोटी की तयार करायचा कंटाळा येतो. लॉकफाइल वगळलीत तर हरकत नाही. बाकी ठिकाणी तेवढ्या एका इशाऱ्याचा फिंगरप्रिंट (त्याची ओळखखूण) गिटलीक्सच्या इग्नोर यादीत टाका. ट्रफलहॉग अनेक प्रकारच्या की संबंधित सेवेकडे पाठवून चालू आहेत का ते पडताळतो, त्यामुळे आधी कशाला हात घालायचा ते कळतं.

‘आमची रिपॉझिटरी खासगी आहे’

उबरचीही होती. २०१६ साली हल्लेखोर तिच्या खासगी गिटहब रिपॉझिटरीत शिरले, तिथे त्यांना एडब्ल्यूएसची की मिळाली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. टोयोटाच्या टी-कनेक्ट या गाड्यांसाठीच्या ऑनलाइन सेवेचा काही सोर्स कोड तर डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२ असा जवळपास पाच वर्षं चुकून सार्वजनिकच होता, डेटा सर्व्हरच्या कीसकट.

गिटइग्नोरवर भिस्त

गिटइग्नोर म्हणजे गिटने कोणत्या फाइलकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी. आधीच ट्रॅक होत असलेल्या, म्हणजे गिट ज्यांची नोंद ठेवतंय अशा, फाइलवर तिचा काही परिणाम होत नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ पर्याय देऊन ती फाइल आधी ट्रॅकिंगमधून काढावी लागते.

फक्त सीआयमध्ये स्कॅन

सीआय म्हणजे कोड पुश झाल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या. हे वरातीमागून घोडं. इशारा येईपर्यंत की सर्व्हरवर पोचलेली असते. प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटआधी तुमच्याच मशीनवर चालणारी तपासणी, लावा. पण ‘नो-व्हेरिफाय’ लिहून तो कुणीही टाळू शकतो, म्हणून सर्व्हरच्या बाजूने पुश प्रोटेक्शनही (की असलेला पुश अडवणारी सोय) चालू ठेवा. आणि सीआयमध्ये गिटलीक्स चालवताना ‘रिडॅक्ट’ (झाकून टाका) पर्याय द्या. तो नसेल तर सापडलेला पासवर्ड बिल्ड लॉगमध्ये छापला जाऊ शकतो आणि लॉग बघणाऱ्या प्रत्येकाला आयता मिळतो.