अमेरिकी बंदूकधारकांशी शस्त्रनियंत्रणावर कसे बोलावे

परदेशी माणसाने या विषयावर मत मांडण्यापूर्वी तिथला कायदा समजून घ्यावा. १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतील शस्त्र बाळगण्याचा हक्क हा व्यक्तीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात ठरवले. त्यामुळे बंदूकधारक त्याकडे सरकारने दिलेली सवलत म्हणून पाहत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण द्यायचे असेल, तर ते पूर्ण द्यावे. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे गोळीबारात झालेल्या हत्याकांडानंतर तेथील सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन ताब्यात घेतल्या. त्यावर अमेरिकेत लोकसंख्येपेक्षा बंदुका अधिक असल्याचे आणि शस्त्रनोंदणी ही जप्तीची पूर्वतयारी असल्याचे उत्तर बहुधा येते. ते मध्येच न तोडता ऐकावे, कारण त्यामागची भीती खरी असते.

स्वयंचलित (चाप दाबून धरल्यास सलग गोळ्या सुटणाऱ्या) आणि अर्धस्वयंचलित (चाप दाबला की दर वेळी एकच गोळी सुटणाऱ्या) बंदुकांत गल्लत करू नये, कारण तेवढ्यावरून पुढचे सारे बोलणे उडवून लावले जाते.

माझ्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा आत्महत्यांचा आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि घरातील शस्त्र कुलूपबंद ठेवण्याबाबत अनेक बंदूकधारकही आस्थेने बोलतात; म्हणून चर्चेची सुरुवात तिथूनच करावी.