चक्कर किती वेळ टिकते, ते आधी मोजा

‘चक्कर येतीय’ एवढ्यावर डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. घर गरगर फिरणं वेगळं, उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं आणि चालताना झोक जाणं वेगळं. बेळगाव भागात समोरच्या डॉक्टरांना कन्नडच सोयीचं असेल तर पहिल्याला ‘तलेसुत्तु’ म्हणा, दुसऱ्याला ‘कण्णिगे कत्तले’. पण शब्दांपेक्षा घड्याळ जास्त कामाचं. चक्कर किती वेळ टिकली आणि सुरू होताना आपण काय करत होतो, या दोन गोष्टी लिहून न्या. निम्मं निदान तिथंच होतं.

त्याआधी धोक्याच्या खुणा. चकरेसोबत बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, नव्यानंच जबर डोकं दुखू लागलं किंवा आधाराशिवाय बसताही येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. खानापूरच्या आतल्या गावांतून किंवा अथणीकडून बेळगाव गाठायचं तर वाटेतच बराच वेळ जातो. म्हणून ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. पहिला सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी खुणा असतील तर घरी परतू नका. लहान मेंदूतला ताजा झटका त्यात अनेकदा दिसत नाही. चक्कर येऊन एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा.

बाकी वेळी घड्याळ बघा. अंथरुणात कूस बदलताना, फळीवरचा डबा काढायला मान वर केल्यावर किंवा वाकून उठताना घर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, तर कानातले खडे सरकलेले असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. वीस मिनिटांपासून काही तास चक्कर, सोबत एका कानात दडा, आवाज आणि कमी ऐकू येणं, हा मेनिएर नावाचा आतल्या कानाचा आजार असू शकतो. सर्दी-तापानंतर दिवसच्या दिवस सतत गरगरतं, ओकाऱ्या होतात, पण ऐकू नीट येतं, तेव्हा तोलाच्या नसेला सूज असू शकते. मात्र झटकाही अगदी असाच येऊ शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी तपासून घ्या. अर्धशिशीवाल्यांना डोकं न दुखताही चक्कर येते, हे अनेकांना माहीतच नसतं.

आता खडे. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वयानं, डोक्याला मार लागल्यानं किंवा कारण न सापडताही ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मान हलली की ते आतल्या द्रवाला ढकलतात आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. खात्री करायला डॉक्टर मान ४५ अंश एका बाजूला वळवून तुम्हाला झटकन पाठीवर आडवं करतात, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं झुकतं ठेवतात आणि डोळे बघतात. काही सेकंदांनी डोळे झटके देत फिरू लागले, तर खालच्या बाजूचा कान दोषी. याला एक्स-रे लागत नाही. ‘मानेचा मणका झिजलाय’ म्हणून गळ्यात पट्टा बांधून फिरणारे कितीतरी जण खरं तर या खड्यांचेच पेशंट असतात.

इलाज म्हणजे एप्ली पद्धत. पहिल्यांदा ती डॉक्टरांकडूनच करून घ्या. मानेचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं दुखणं असेल तर घरी मुळीच नको. उजवा कान दोषी असेल तर अशी:

१. पलंगावर पाय लांब करून बसा. मागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्याखाली येईल. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा.
२. झटकन मागे पडा. डोकं उशीपलीकडे थोडं खाली झुकलेलं हवं. गरगरेल, डोळे उघडे ठेवा. थांबेपर्यंत, म्हणजे ३० ते ६० सेकंद, तसेच राहा.
३. डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवा. पुन्हा तेवढंच थांबा.
४. आता अंगासकट डाव्या कुशीवर वळा, नाक जमिनीकडे. पुन्हा तेवढंच.
५. हनुवटी खाली ठेवून हळू उठा, पाय खाली सोडा आणि दहा मिनिटं तिथंच बसा.

डावा कान असेल तर सगळं उलट. शेजारी कुणीतरी हवंच, कारण उठताना तोल जातो. फसतं ते तीन ठिकाणी: कान चुकीचा धरला जातो, तिसऱ्या पायरीत डोकं वर उचललं जातं किंवा गरगर थांबायच्या आत घाईनं पुढं जातात. दोन्ही कुशींवर वळताना सारखंच गरगरत असेल तर खडे दुसऱ्या नळीत असू शकतात. त्याची पद्धत वेगळी. एप्ली केल्यावर पूर्वी दोन रात्री बसून झोपायला सांगत, त्याची गरज नाही. खडे पुन्हा सुटू शकतात. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढल्यानं हे प्रमाण घटतं.

गोळ्यांनी खडे जागेवर जात नाहीत. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांनी ओकारी आणि गरगर दबते, पण सहसा दोन-तीन दिवसांपुरत्याच घ्याव्यात. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचं तोल सावरायला शिकणं लांबतं आणि म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं सुरू होतं. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच पट्टी पुन्हा आणू नका.

उठल्यावर अंधारी येत असेल तर पाच मिनिटं आडवं राहून बीपी मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. मनानं गोळी बंद करू नका. मधुमेहींनी साखर तपासावी; ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी.

निपाणी भागात तंबाखूच्या रानातून आल्यावर चक्कर, मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली तर दवानं भिजलेली पानं आठवा. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. भिजलेले कपडे लगेच बदला, साबणानं अंघोळ करा आणि दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, दव वाळल्यावरच रानात उतरा.