लिनक्स कर्नलची मेमरी कोण खातंय ते नावानिशी काढायचं कसं

सोलापुरात उन्हाळ्यात लाईट गेली की मशीन रिबूट होतंयच, तेवढ्यात बूट लाईनमध्ये (कर्नल सुरू होताना द्यायच्या पर्यायांत) पेज_ओनर=ऑन टाकून घ्या, मेमरीचं कुठलं पान कोणी घेतलं याची नोंद हे ठेवतंय, पण कर्नल कॉन्फिगमध्ये पेज ओनर आधी चालू पाहिजे. मग रूट होऊन डीबगएफएसमधली (कर्नलच्या आतली माहिती फाईल म्हणून दाखवणारी फाईलसिस्टम) पेज_ओनर फाईल कॅट करून दुसरीकडे घ्या, त्यात ऑर्डर (एका वेळी किती पानं घेतली), पीआयडी (प्रोसेसचा नंबर), जीएफपी मास्क (मेमरी कशी मागितली त्याचे फ्लॅग), अख्खा स्टॅक ट्रेस (मागणी कुठल्या कुठल्या फंक्शनमधून आली) सगळं येतंय पण तेच तेच इतक्यांदा की डोकं उठतं. कर्नल सोर्समधलं पेज_ओनर_सॉर्ट हे टूल त्यावर चालवा, सारखे स्टॅक एकत्र होतात, मोजणीसकट. खरं काम इथंच होतं. बारक्या ऑब्जेक्टची गळती (घेतलेली मेमरी परत न सोडणं) असली तर बूट लाईनमध्येच स्लब_डीबग=यू टाका, ऑब्जेक्ट कोणी घेतलं, कोणी सोडलं ते त्यात कळतंय, पण सगळ्या कॅशला (एकाच मापाच्या ऑब्जेक्टचा साठा) लावू नका ओ, मशीन रांगायला लागतंय, स्वल्पविराम देऊन फक्त केमॅलॉक-६४ सारखी संशयित कॅश लिहा.