शाळेसाठी भांडायला निघालात? मग निदान या चुका टाळा

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच आठवड्यात नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत पालकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतात. 'लूट', 'अन्याय', 'आता गप्प बसायचं नाही'. गणपती बसेपर्यंत त्याच ग्रुपवर उकडीच्या मोदकांच्या पाककृती फिरत असतात. दरवर्षी हेच बघतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

फीवाढीवर जूनमध्ये जाग येणं

ही सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. खासगी शाळांच्या फीसाठी राज्यात 2011 चा कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा. त्याच्या कार्यकारी समितीवरचे पालक सोडत काढून निवडायचे आणि पुढच्या वर्षीची फी व्यवस्थापनाने या समितीपुढे किमान सहा महिने आधी ठेवायची. म्हणजे जूनच्या फीचा विषय डिसेंबरातच समितीपुढे येतो. डिसेंबरात आपण स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ काढत असतो.

शहरातल्या एका विनाअनुदानित शाळेच्या फाटकावर असाच जूनमध्ये गोंधळ झाला होता. घोषणा झाल्या, कॅमेरे आले. मुख्याध्यापकांनी चार-पाच जणांना आत बोलावलं, चहा दिला आणि एक रजिस्टर उघडून पुढे सरकवलं. कार्यकारी समितीचं इतिवृत्त. 'फीवाढीस एकमताने मंजुरी' आणि खाली सह्या. त्यातली एक सही आमच्यात सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या ताईंची. बाहेर आल्यावर त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "काका, ती हजेरीची सही होती हो. वरचं पान तेव्हा कोरं होतं."

असेलही तसंच. पण कोऱ्या जागेखाली सही करायला कुणी सांगितलं होतं? पुढचे कित्येक दिवस ती सही कशी झाली यावरच वाद. फी रास्त आहे की नाही, हा प्रश्न राहिला बाजूला. त्यात 2018 च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे, म्हणजे फीची तक्रार ऐकणाऱ्या सरकारी समितीकडे, जायचं तर किमान 25 टक्के पालक एकत्र लागतात. ग्रुपवर अंगठा दाखवणारे ढीगभर होते. अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा 'मुलाला त्रास होईल', 'मिस्टरांना विचारून सांगते', 'आम्ही तसंही शाळा बदलतोय'.

माझी सवय सांगतो. सोडतीत नाव आधीच घालायचं. बैठकीची विषयपत्रिका लेखी मागायची. सही शेवटच्या ओळीला चिकटून करायची, मधे जागा उरली तर आडवी रेघ मारायची, तारीख घालायची आणि पानाचा फोटो काढूनच उठायचं. पटलं नसेल तर सहीशेजारी 'फीवाढीस असहमत' असं लिहायचं. व्यवस्थापनाला राग येतो. येऊ द्या.

भलत्याच दारात निवेदन

पेठ-सुरगाण्याकडची माणसं आश्रमशाळेतल्या रिक्त जागांसाठी जीप करून जिल्हा परिषदेत येतात. दिवसाची मजुरी बुडते आणि संध्याकाळी कळतं की आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असतात. जायचं होतं नाशिकच्या किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात. महापालिकेच्या शाळेचा प्रश्न महापालिकेच्या शिक्षण विभागात, अनुदानित हायस्कूलचा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. कळत नसेल तर नेत्यांना विचारत बसू नका. शाळेतल्या शिपायाला विचारा, "दादा, पगार कुठून निघतो?" माझा सगळा शोध इथूनच सुरू होतो.

आणि पोच! 'साहेबांनी स्वतः हातात घेतलं' म्हणजे निवेदन पोहोचलं असं नव्हे. टपाल टेबलावर दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलांच्या हक्काबद्दलच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. शिक्का नसेल तर हे तीन महिने कुठून मोजणार? मंत्र्यांसोबतच्या फोटोवरून?

'शिक्षणाचा दर्जा सुधारा'

या मागणीला कुठलाही साहेब लगेच 'हो' म्हणतो, कारण तिच्यात त्याला करायचं काहीच नसतं. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आमच्याकडे एकच आहे, असं लिहा. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, आमची इतकी लांब आहे, असं लिहा. मग त्यांना उत्तर द्यावं लागतं.

इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत शेळ्यांसकट जिल्हा परिषदेवर आली, ते जिल्ह्याला आठवतं. नव्या उत्साही मंडळींनी त्यातून उचललं काय, तर शेळ्या. मला 'काका, आपण बैल नेऊ या का?' असं विचारलं गेलंय. अरे, त्या मुलांची मागणी एका वाक्यात सांगता येत होती: आमची शाळा बंद करू नका. तुमची सांगता येते का, ते आधी बघा.

बाकीच्या, पटापट

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडाही याच समितीने करायचा असतो. अध्यक्ष कोण हे माहीत नसताना थेट मुंबईला पत्र धाडू नका.

माहिती अधिकारात 'असं का केलं?' विचारू नका, कागदाची प्रत मागा. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत.

दहावीच्या वर्गातली मुलं मोर्चात पुढे उभी करू नका. मार त्यांनाच बसतो, कधी शब्दांचा, कधी गुणांचा.

फ्लेक्सवर खर्च करू नका. त्या पैशात झेरॉक्स काढा.

उपोषणाची तारीख जाहीर करून मग 'मुद्दे काय घेऊ?' असा फोन करणारेही भेटतात. त्यांना मी आधी निवेदनाचा आवक क्रमांक विचारतो. बहुतेक वेळा फोन तिथेच संपतो.