व्हीगन महोत्सव भरवताना या चुका टाळा

पुण्यातील आमच्या भागात दरवर्षी जानेवारीत, भोगीच्या आसपासच्या रविवारी, रहिवासी, दोन महिला बचत गट आणि काही विद्यार्थी मिळून शाळेच्या मैदानावर एक दिवसाचा व्हीगन महोत्सव भरवतात. प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न वापरता केलेले जेवण, कमीत कमी कचरा आणि कोणालाही परके वाटणार नाही अशी व्यवस्था, ही त्याची तीन सूत्रे आहेत. पहिल्या वर्षापासून मी भोजन समितीत काम करतो. ही सूत्रे प्रत्यक्षात कुठे तुटली आणि तुटल्यावर कोणता उपाय लागू पडला, हे असा महोत्सव भरवू इच्छिणाऱ्यांसाठी येथे नोंदवत आहे.

शाकाहारी म्हणजे व्हीगन असे गृहीत धरणे

मराठी स्वयंपाकघरात व्हीगन पदार्थांची वानवा नाही. पिठले-भाकरी, भरली वांगी, कटाची आमटी, मटकीची उसळ, तिळाची चटणी, सोलकढी हे सारे दुधातुपावाचून होते, आणि नेमकी म्हणूनच फसगत होते. मसालेभातावर वाढताना तुपाची धार सोडली जाते, भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा येतो, आणि वड्यात काहीच वावगे नसले तरी बेकरीतून आणलेल्या पावात दुधाची पावडर असू शकते. तयार फरसाणाच्या मसाल्यातही ती आढळते. काही सरबतांत मध असतो आणि काही मिठायांवर चांदीचा वर्ख असतो, जो पारंपरिक पद्धतीत जनावरांच्या आतड्यांच्या थरांमध्ये कुटला जात असे.

दुसऱ्या वर्षीचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या एका आईने थालीपिठाच्या स्टॉलवरील काकूंना तीनदा विचारले आणि काकूंनी तिन्ही वेळा मनापासून सांगितले, “दूध अजिबात नाही हो ताई.” भाजणी घरची होती, कांदा-कोथिंबीर ताजी होती, आणि तव्याशेजारच्या लहान वाटीत साजूक तूप होते. काकू खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी दूध म्हणजे पातेल्यातले दूध. तूप ही वेगळी वस्तू. सुदैवाने त्या आईचे लक्ष वाटीकडे गेले.

तेव्हापासून आम्ही “हे व्हीगन आहे का?” किंवा “यात दूध आहे का?” असे विचारणे बंद केले. प्रत्येक स्टॉलधारकाकडून आठवडाभर आधी एक कार्ड भरून घेतो, ज्यावर दूध, दही, ताक, साय, लोणी, तूप, खवा, पनीर, दूधपावडर, अंडे आणि मध अशी सुटी नावे छापलेली असतात आणि प्रत्येकापुढे खूण करावी लागते. विकत आणलेल्या पाव, फरसाण व मसाल्याची वेष्टने सोबत आणायला सांगतो, म्हणजे घटकांची यादी वाचता येते. तवा, झारा आणि तेलाची वाटी महोत्सवापुरती वेगळी ठेवावी लागते.

एवढे करूनही दिवसाच्या मध्यात चूक उघडकीस आली, तर तो पदार्थ ताबडतोब थांबवावा, ध्वनिक्षेपकावरून पदार्थाचे नाव सांगून स्पष्ट घोषणा करावी, ज्यांनी तो घेतला त्यांचे पैसे परत करावेत आणि दुसरा तवा चढवावा. स्टॉल चालवणाऱ्या बाईंना चारचौघांत बोल लावू नये. कार्ड तपासण्याचे काम समितीचे होते, आणि ते नीट झाले नसेल तर उत्तरदायित्वही समितीचेच.

याच्याशी जोडून आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. व्हीगन म्हणजे अ‍ॅलर्जीमुक्त नव्हे. आपल्या उसळींत आणि चटण्यांत दाण्याचे कूट सर्रास असते, तर डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे ग्लुटेन न चालणाऱ्या व्यक्तीला तांदळाच्या भाकरीसोबतची साधी आमटीही बाधू शकते. शेंगदाणे, गहू, सोया, तीळ आणि काजू-बदाम यांचा उल्लेख पदार्थाच्या पाटीवरच असावा.

एफएसएसएआयने, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि त्यांचे हिरवे चिन्हही ठरवून दिले. ते चिन्ह नियमांची पूर्तता केलेल्या उत्पादनांसाठी आहे. हौसेने आपल्या फलकावर छापण्यासाठी नाही. तात्पुरता स्टॉल लावणाऱ्या लघु विक्रेत्यालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, हे बचत गटांना महिनाभर आधी सांगून अर्ज भरण्यास मदत करावी.

चहा फाटणे आणि दह्यात विरजण

आपल्याकडच्या महोत्सवात चहा बिघडला की लोकांच्या मनातून व्हीगन ही कल्पनाच उतरते, इतके त्याचे महत्त्व आहे. सोयाचे दूध उष्णता आणि आम्लता एकत्र आल्यावर फाटते, म्हणून नेहमीच्या पद्धतीने ते घालून चहा खळखळ उकळला की वर गुठळ्या तरंगू लागतात. आले, साखर आणि चहापत्ती पाण्यातच पूर्ण उकळून घ्यावी, पातेले आचेवरून उतरवावे आणि वेगळे कोमट केलेले सोयादूध त्यात शेवटी हळूहळू ओतावे; त्यानंतर पुन्हा उकळी आणू नये. लिंबू किंवा गवती चहा घातलेला बिनदुधाचा चहा हा दुसरा मार्ग आहे, आणि तो स्वस्तही पडतो.

मठ्ठ्यासाठी शेंगदाण्याच्या दुधाचे दही उत्तम लागते. एका उत्साही गटाने ते आदल्या रात्री लावले, पण त्यात घरच्या दह्याचे चमचाभर विरजण घातले आणि सगळा घाणा बाजूला ठेवावा लागला. हिरव्या मिरच्यांची देठे कोमट शेंगदाणा दुधात रात्रभर ठेवून पहिले दही लावता येते आणि पुढे त्याचेच विरजण वापरता येते. पहिला घाणा कधीकधी पातळ किंवा किंचित कडवट होतो, म्हणून ही तयारी किमान चार दिवस आधी सुरू करावी.

“शुद्ध” हा शब्द वापरणे

माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि ती स्वयंपाकात होत नाही, फलकावर होते. एका वर्षी प्रवेशद्वारावर “शुद्ध व सात्त्विक आहार” असा मोठा फलक लागला. लावणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नव्हता. सकाळी भाकरी-ठेच्याचा स्टॉल मांडायला आलेल्या बचत गटातील दोघी तो वाचून दाराशीच थांबल्या आणि त्यांतील एकीने हलक्या आवाजात विचारले, “आमच्या हातचं चालंल ना इथं?”

महाराष्ट्रात पाण्यावरून आणि अन्नावरून माणसे दूर ठेवली गेली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला, म्हणजे १९२७ सालाला, अजून पुरती शंभर वर्षेही झालेली नाहीत. कोण काय खातो यावरून त्याची जात आणि पायरी ठरवण्याची सवय आजही भाड्याचे घर शोधताना दिसते. अशा समाजात “शुद्ध” हा शब्द जेवणापुरता राहत नाही. व्हीगन विचाराचा संबंध प्राण्याला होणाऱ्या त्रासाशी आहे, खाणाऱ्याच्या किंवा रांधणाऱ्याच्या जन्माशी मुळीच नाही, आणि हे आपल्या भाषेतूनच दिसले पाहिजे. आता आमच्या फलकावर “येथील जेवणात दूध, तूप, अंडी, मांस, मासे, मध नाही. सर्वांचे स्वागत” एवढेच लिहिलेले असते.

“सर्वांचे” याचा अर्थही नीट पाहावा. मासे किंवा मटण खाणारा शेजारी हा या महोत्सवाचा खरा पाहुणा आहे; त्याला दारातच कत्तलखान्याची छायाचित्रे दाखवून अपराधी ठरवले, तर तो मुलाबाळांना घेऊन परत फिरतो. हीच गोष्ट दूध उत्पादकाची. दोन म्हशींवर संसार चालवणाऱ्या घरात दर दहा दिवसांनी येणाऱ्या डेअरीच्या बिलातून किराणा आणि शाळेची फी भागते. व्यासपीठावरून त्याला क्रूर म्हणण्यापेक्षा त्याला बोलायला बोलवावे, चारा, पशुखाद्य आणि भाकड जनावर यांचा हिशेब त्याच्याच तोंडून ऐकावा. आमच्याकडे ते सत्र सर्वांत जास्त वेळ चालले आणि त्यातील मतभेद मिटले नाहीत, तरीही ते पुढच्या वर्षी पुन्हा ठेवले गेले.

किंमत हाही वगळण्याचाच एक मार्ग असतो. बदामाचे दूध, आयात केलेले चीज आणि अ‍ॅव्होकाडो यांनी स्टॉल भरले की व्हीगन असणे ही सधन लोकांची हौस आहे असा समज पक्का होतो. प्रत्येक स्टॉलवर किमान एक पोटभरीचा पदार्थ ३० रुपयांत मिळालाच पाहिजे, अशी अट आम्ही घातली. बचत गटांकडून जागेचे भाडे आगाऊ घेत नाही. विक्री झाल्यावर घेतो.

“कंपोस्ट होणारे” या शब्दावर विसंबणे

महाराष्ट्रात २०१८ पासून आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांवर बंदी आहे, त्यामुळे त्या कोणी उघडपणे आणत नाही. घोटाळा पर्यायांत होतो. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. मक्यापासून बनवलेले पारदर्शक पेले कंपोस्ट होतात हे खरे, पण त्यासाठी सुमारे ६० अंश तापमान टिकवणारा मोठा प्रकल्प लागतो. सोसायटीच्या खड्ड्यात ते महिनोन्‌महिने तसेच राहतात. पत्रावळही तपासून घ्यावी. कडेला थोडी फाडून पाहिली आणि चकचकीत पापुद्रा सलग सुटून आला, तर पानाच्या किंवा कागदाच्या वर प्लास्टिक आहे असे समजावे. पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ किंवा सुपारीच्या झावळीची ताटली निर्धोक असते.

स्टीलची ताटे सर्वांत चांगली, मात्र त्यांचा हिशेब गर्दीच्या तासावर करावा लागतो. ५०० लोक येणार आणि ताटे धुऊन पुन्हा वापरता येतील, म्हणून आम्ही एकदा २०० ताटेच भाड्याने आणली. दुपारी एक वाजता सारे एकदम जेवायला आले, धुण्याची रांग तुंबली आणि कोणीतरी घाईने जवळच्या दुकानातून थर्माकोलसारख्या ताटल्यांचे गठ्ठे आणले. आता अपेक्षित संख्येच्या दोन तृतीयांश ताटे आणतो, प्रत्येक ताटामागे ५० रुपये अनामत घेतो, पत्रावळींचा एक गठ्ठा राखीव ठेवतो आणि आमंत्रणातच “ताट-वाटी घरून आणल्यास उत्तम” असे लिहितो. खरकटे आधी ओल्या डब्यात, मग ताट पाण्याच्या टबात, हा क्रम सांगायला तेथे एक स्वयंसेवक सतत उभा लागतो; नुसत्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून कचरा वेगळा होत नाही.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी, परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक लोकांचा कार्यक्रम असल्यास स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवणे आणि कचरा जागेवरच वेगळा करणे ही जबाबदारी आयोजकांवर टाकली. पुण्यात “स्वच्छ” ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. कचरावेचकांशी नियोजनाच्या पहिल्या बैठकीतच बोलावे, त्यांचा मोबदला अंदाजपत्रकात धरावा आणि त्यांचे जेवण पहिल्या पंगतीत वाढावे.

प्रवेशाची सोय शेवटच्या दिवशी आठवणे

चाकाच्या खुर्चीसाठी फळी टाकली म्हणजे काम झाले असे नाही. १५ सेंटीमीटरच्या पायरीला एकास बारा या उतारानुसार किमान १८० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. आखूड फळीवरून खुर्ची मागे कलंडते. स्टॉलचे निदान एक टेबल कमी उंचीचे असावे, पाट्या मोठ्या ठळक मराठी अक्षरांत असाव्यात, एक स्वच्छतागृह कोणत्याही लिंगाच्या व्यक्तीला वापरता येईल असे ठेवावे आणि गोंगाट न सोसणाऱ्यांसाठी ध्वनिक्षेपकापासून दूर एक शांत कोपरा असावा. भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी ऐनवेळी मिळत नाहीत, हे आम्ही दोनदा अनुभवले आहे.

आरोग्याविषयी बोलताना संयम हवा. व्हीगन आहाराने मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो, असे सांगणाऱ्या वक्त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देऊ नये. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही, त्यासाठी पूरक गोळ्या किंवा ते मिसळलेले पदार्थ घ्यावे लागतात, ही माहिती मात्र प्रत्येकापर्यंत पोहोचायलाच हवी.

उरलेले अन्न सरसकट वाटणे

नारळाच्या दुधाची सोलकढी आणि खोबऱ्याची चटणी उन्हात लवकर आंबते, म्हणून त्या बर्फात ठेवाव्यात आणि उरल्यास कोणालाही देऊ नयेत. भाकरी, कोरड्या चटण्या, तिळगूळ यांचे डबे भरताना प्रत्येकावर पदार्थाचे नाव, केल्याची वेळ आणि “शेंगदाणे आहेत” किंवा “तीळ आहेत” ही नोंद लिहावी, कारण संध्याकाळी तो डबा उघडणाऱ्या माणसाला विचारण्यासाठी काकू तेथे नसतात.